जवाब कुणी फोडला

मामानं माझा मोबाइल काढून घेतला आणि ज्वारीच्या पिठाच्या डब्यात टाकला. नुसता टाकला नाही, वर झाकण दाबून लावलं आणि झाकणावर वरवंटा ठेवला.

"आता बोल," तो म्हणाला.

"मामा, त्यो बंदच हुता."

"बंद असला तरी ऐकतोय. टीव्हीवर सांगितलंय."

मामी चुलीपुढून म्हणाली, "आणि भाकरीला पीठ लागलं की मी मोबाइल मळायचा का?"

मामानं तिच्याकडं असं बघितलं की जणू या प्रश्नामागं कुणीतरी आहे.

मला कधीमधी लोक व्याख्यानाला बोलावतात. विषय ठरलेला असतो, आपली वाङ्मयीन परंपरा. मी शाल घेतो, नारळ घेतो आणि ठरलेलं वाक्य बोलतो की ही परंपरा तोंडातून कानात आणि कानातून तोंडात, अशी श्रद्धेच्या बळावर युगानुयुगं चालत आली. टाळ्या पडतात. पण श्रद्धेवर चालणारी परंपरा मी अजून बघितलेली नाही. मी बघितली ती संशयावर चालते, आणि चांगली धावते. माझ्या मामाचंच बघा.

मामाचं गाव कोरेगावच्या बाजूला. मामा ऊस लावतो, दोन्ही मुलं फौजेत आहेत आणि उरलेला सगळा मामा शाहिरीत आहे. शाहिरी म्हणजे भेदिक. ज्यांनी ऐकली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन फड समोरासमोर बसतात, एक कलगीचा आणि एक तुऱ्याचा. कलगीवाले म्हणतात शक्ती मोठी, शिव तिच्यातून झाला. तुरेवाले म्हणतात शिव मोठा, शक्ती त्याच्यातून झाली. या भांडणाचा निकाल शेकडो वर्षांत लागलेला नाही आणि तो लागू नये अशी दोन्हीकडच्यांची मनापासून इच्छा आहे. भांडण गाण्यातूनच करायचं. एकानं डफावर कोडं घालायचं, त्याला सवाल म्हणतात. दुसऱ्यानं डफावरच उकल करायची, तो जवाब. समोरच्याला जवाब आला नाही तर तो हरला. मात्र मग सवाल घालणाऱ्यानं स्वतः जवाब गाऊन दाखवायचा. नाहीतर कुणीही उठून काहीही विचारील, आणि तसली माणसं आमच्याकडं भरपूर आहेत.

हे सगळं पूर्वी रात्रभर चालायचं. आता दहानंतर भोंगा लावता येत नाही, म्हणून मामाच्या गावच्या यात्रेत फड भर दुपारी बसतात. शिव मोठा की शक्ती, हे लोक टोप्या घालून आणि गारेगार खात ऐकतात.

तर मामा तुऱ्याचा. त्याच्या डफाला रंगीत लोकरीचा तुरा बांधलेला, त्याच्या गुरूनं स्वतःच्या हातानं बांधून दिलेला. समोर कायम सांगलीकडचा एक कलगीवाला शाहीर. आणि त्या यात्रेची रीत अशी की लागोपाठ तीन वर्षं जो हरेल त्यानं डफावरची खूण सोडून समोरच्याच्या हातात द्यायची. मग पुन्हा त्या नावानं गायचं नाही. त्याआधी बहुतेक वर्षं मामाच जिंकायचा, समोरचा कसाबसा तिसऱ्या वर्षी वाचायचा. पण मागची दोन वर्षं हरला होता. यंदा हरला तर तुरा जाणार होता.

आणि मामाचं ठाम मत होतं की तो हरलेला नाही. त्याचे जवाब कुणीतरी फोडत होतं.

"आरं, मी सवाल टाकला आणि त्यो हसला," मामा मला म्हणाला. "माणूस इचार करतो, डोकं खाजवतो, झीलकऱ्याकडं बघतो. ह्यो हसला! आणि जवाब असा सुरू केला की जणू मीच त्याला शिकवलाय."

"मग वाटतंय कुणावर?"

मामानं दाराकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं, पिठाच्या डब्याकडं बघितलं. मग बोटं मोडायला लागला. पहिला संशय झीलकऱ्यावर. झीलकरी म्हणजे शाहिराच्या मागं सूर धरणारा. या झीलकऱ्याची मुलगी सांगलीला दिलेली. "जावयाच्या घरी मान मिळतो रं त्याला. उगं कोण मान देतं?" दुसरा संशय खालच्या आवाजात. मामी. मामीचं माहेर तासगावकडचं, म्हणजे सांगलीच्याच बाजूचं.

"मामा! चाळीस वर्सं संसार केलाय तिनं."

"तेच म्हंतो मी. यवढी वर्सं टिकली कशी?"

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या गोष्टी सांगतो. इथं मला खुद्द एका गोष्टीत हेर म्हणून नेमलं जात होतं. मी लगेच खुर्ची पुढं ओढली आणि एक डाव मांडला. तुरा पणाला लागायची यात्रा अजून लांब होती, पण त्याआधी लोणंदला लोककलांचा एक कार्यक्रम होता. तिथं हेच दोन फड बसणार होते, नुसतं दाखवण्यापुरतं. मी म्हणालो, मामा, तुमी तीन सवाल बांधा. एक फक्त झीलकऱ्याला सांगा. एक फक्त मामीच्या कानावर पडू द्या. आणि तिसरा कुणालाच नको.

"तिसरा कशाला?"

"ताळा बघायला. जो सवाल फुटंल, त्या माणसाचा हात."

मामानं मला जवळ ओढलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मग थोडं मागं सरून म्हणाला, "तिसरा तुला सांगतो."

"कशाला?"

"तुझा बी ताळा बघायला नगं व्हय?"

तिसरा सवाल बेलाच्या पानाचा होता. बेलाला तीन दळं असतात, मग चौथं गेलं कुठं? याचं उत्तर कुठल्याही पुराणात नाही. ते मामानं स्वतः बांधलं होतं. चौथं पान म्हणजे वाहणाऱ्याचा हात, तो असल्याशिवाय बेल पुरा होत नाही. मी त्याला म्हणालो, हा कुणाच्या बापाला येणार नाही.

लोणंदला बाजार समितीच्या शेडखाली कार्यक्रम झाला. कलगीवाला शाहीर माझ्याच वयाचा, गोल चेहऱ्याचा, डोक्याला जरीचा फेटा. मामानं झीलकऱ्याचा सवाल टाकला. शाहिरानं जवाब दिला. मामा झीलकऱ्याकडं वळून इतका वेळ बघत राहिला की त्या बिचाऱ्याचा सूर चढायच्या ठिकाणी उतरला. मामानं मामीचा सवाल टाकला. त्याचाही जवाब आला. मामाचा चेहरा उजळला, खरंच उजळला, कारण दोघंही चोर निघाले म्हणजे त्याचं सगळंच खरं होतं. मग त्यानं बेलाचं पान काढलं.

शाहीर हसला. डफ खांद्याला लावून त्यानं हात वर केला, तळवा लोकांकडं करून, आणि गायला लागला. वाहणाऱ्याचा हात, वाहणाऱ्याचा हात, वाहणाऱ्याचा हात! मागची पोरं झील धरत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवणार होतो, इतकं ते सुंदर झालं. तेवढ्यात मामा हळूहळू माझ्याकडं वळला.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये मामा पुढं बसला. मी मागं, झीलकरी आणि मामी यांच्या मधोमध. कोरेगाव जवळ आलं तशी मामी मला म्हणाली, "बरं झालं बाबा. आता आमी तिघं झालो."

दुसऱ्या दिवशी मला चहा मिळाला तो पितळीत, पाहुण्याला देतात तसा कपबशीत नाही. मी म्हणालो, "मामा, मी फोडला न्हाई. शपथ कुणाची घेऊ?"

"शपथ घेणाऱ्याचाच मला संशय येतोय."

"बरं, मग मला सांगा. हा सवाल तुमी आणखी कुणापुढं गायला?"

"कुणापुढं न्हाई."

"एकदा बी न्हाई?"

"न्हाई म्हंतो न्हवं. गुरूपुढं गायलो तेवढंच. ते काय धरायचं?"

गुरू जाऊन कित्येक वर्षं झाली. पण मामाच्या परंपरेत एक नियम आहे. नवा सवाल बांधला की तो जवाबासकट आधी गुरूपुढं गायचा. गुरू नसला तर त्याच्या फोटोपुढं गायचा. त्याशिवाय तो फडात न्यायचा नाही. मामा हे इतक्या निष्ठेनं पाळायचा की दर नव्या सवालाला मोटरसायकल काढून सांगलीच्या अलीकडं, कृष्णाकाठच्या त्या गावात जायचा. गुरुवारीच.

"तिथं कोण असतं?" मी विचारलं.

"कोण असणार? फोटू."

"घर उघडतं कोण?"

"आक्का उघडत्यात."

"आक्का कुठं असतात तुमी गाताना?"

मामानं कपाळाला आठ्या घातल्या, जणू मी विचारलं होतं की तुम्ही गाताना तिथली भिंत कुठं असते. "आरं, असतील चुलीपाशी. गुरुपत्नी हाय ती. तिचं काय?"

आता इथं मला टाळ्या वाजवायच्या होत्या, पण पितळी हातात होती. गावातलं प्रत्येक माणूस मामानं संशयाच्या चाळणीतून काढलं होतं. मोबाइलसुद्धा काढला होता. आणि ज्या बाईसमोर तो आपला सवाल आणि जवाब, दोन्ही, मोठ्या आवाजात, डफ वाजवून, प्रत्येक वेळी गात होता, ती त्याच्या हिशोबातच नव्हती.

मी त्याला काही बोललो नाही. सोमवारी एसटीनं कराड, तिथनं पुढं दुसरी गाडी, असा त्या गावात जाऊन पोचलो. घर साधं, पुढं तुळस, दारात चपलांचा एक जोड. चपला करकरीत कोल्हापुरी, पुरुषी. मी उंबऱ्यातच थांबलो. आतनं डफ वाजत होता.

आत बघतो तर जरीच्या फेट्याचा शाहीर! फेटा काढून मांडीवर ठेवलेला, डोळे मिटलेले आणि एका फोटोपुढं बसून गात होता. फोटो मामाच्या गुरूचा नव्हता. मामाच्या गुरूचा फोटो समोरच्या भिंतीवर होता. दोन फोटो, दोन भिंती, दोघं एकमेकांकडं रोखून बघतायत. मधल्या खांबाला टेकून आक्का बसलेल्या, पाय लांब केलेले, पुढ्यात शेंगा. त्या शेंगा फोडत होत्या आणि मान डोलवत होत्या.

मला बघून शाहिराचा सूरच बसला. "अय्यो!" तो म्हणाला.

"बस की," आक्का मला म्हणाल्या. "कोण तू? त्या कोरेगावच्या पोराचा भाचा न्हवं? नाक तसलंच हाय."

उलगडा असा झाला. आक्का कलगीवाल्यांच्या घरातल्या. त्यांचे वडील कलगीचे मोठे उस्ताद आणि तेच या शाहिराचे गुरू. आक्कांनी लग्न केलं तुऱ्याच्या शाहिराशी. वडील पुढं बरीच वर्षं बोलले नाहीत. ते गेल्यावर माहेरच्या घराला कुलूप लागलं आणि त्यांचा फोटो आक्कांनी इथं आणून लावला, नवऱ्याच्या समोर. "बोलत नव्हतं एकमेकांशी," त्या म्हणाल्या, "आता बसा म्हटलं बघत." म्हणून हा शाहीर सोमवारी इथं येऊन आपल्या गुरूपुढं गायचा आणि मामा गुरुवारी येऊन आपल्या गुरूपुढं.

"आक्का," मी विचारलं, "मामाचं जवाब यांना तुमी सांगता?"

"मग? इचारल्यावर सांगू नगं व्हय?"

शाहीर घाईनं म्हणाला, "मी इचारत न्हाई हो! मी आपलं म्हणतो, काय आक्का, कोरेगावचं कसं चाललंय? त्या सांगतात. कानावर पडलंय तर काय कान कापून टाकू काय?"

"आक्का, तुमच्या नवऱ्याचा चेला हाय मामा."

"आन ह्यो माझ्या बापाचा." त्यांनी एक शेंग फोडली. "तुझा मामा लागोपाठ जिंकत हुता तवा ह्यो डफ इकायला निघाला हुता. घरात भांडणं, फडातली पोरं पळाली. मी म्हटलं, ह्यो बी गेला तर तुझा मामा भांडणार कुणाशी? कृष्णाकाठाला लय फड हुतं रं माझ्या ल्हानपणी. आता ह्यो आन त्यो. दोघं ऱ्हायला पायजेत."

"पण यंदा हरला तर मामाचा तुरा जातोय!"

"जाईल कसा? यंदा मी त्याला ह्याचा जवाब सांगणार हुते की."

शाहीर ताडकन उठला. "आक्का!"

"बस खाली. त्याला काय नवं हाय? त्याला बी सांगतच आले मी. त्यो जिंकत हुता त्यो काय नुसता डोक्यानं? चहा पिता पिता सांगायची मी, आसं कुठं ऐकलंय बग, तसं आसंल का? त्यो म्हणायचा, आक्का, आत्ता मला सुचलं!" त्या हसल्या. मग हसू गेलं. "दोन वर्सं झाली, चहाला थांबत न्हाई. गातो, पाया पडतो, जातो. कशावर रुसलाय कुणास ठावं."

मामा रुसला नव्हता. मामाला दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी साखर सांगितली होती. आक्कांच्या चहात गूळ असायचा तो पळी उभी राहील असा. ऊस लावणाऱ्या माणसाला गोड बंद झालं आणि लाजेनं त्यानं ते घराबाहेर कुणाला सांगितलं नाही. चहा बंद झाला आणि चहाबरोबर जवाबही बंद झाले.

मी गावाला जाऊन मामाला सगळं सांगितलं. सांगावं की नाही याचा विचार मी एसटीत बराच केला, पण इतकी चांगली गोष्ट पोटात ठेवायची ताकद देवानं मला दिलेली नाही. मामानं पहिल्यांदा विश्वास ठेवला नाही. मग ठेवला. मला वाटलं होतं, चिडेल, पण चिडला नाही. ओट्यावर बसून एकेक जुनी यात्रा आठवायला लागला.

"म्हंजे त्या पालखीच्या सवालाला... आणि त्यो समुद्राचा..." तो माझ्याकडं वळला. "आरं, त्यो समुद्राचा तरी माझा असंल की रं?"

मी त्याच्या शेजारी ओट्यावर बसलो.

"एवढी वर्सं ती ऐकत हुती," मामा म्हणाला, "आणि मी म्हणत हुतो, तिथं कुणी न्हाई."

आत मामीनं भांडं जोरात ठेवलं.

यात्रा जवळ आली तरी त्या वर्षी मामा कृष्णाकाठी गेला नाही. सवाल त्यानं बांधला, पण तो उसात जाऊन बांधला. कुणालाच सांगितला नाही. झीलकऱ्याला फक्त चाल दिली. गुरूपुढं गायला नाही, म्हणजे नियम मोडला, आणि नियम मोडल्याचं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मामीनं त्याला विचारलं, "आवं, यंदा सांगलीला जायचं न्हाई?" तर तो म्हणाला, "तुला कशाला पायजे?"

यात्रेच्या दुपारी देवळापुढं मांडव गच्च भरला होता. पंच म्हणून गावातले निवृत्त सुभेदार बसले होते, गळ्यात शिट्टी अडकवून. कलगीवाल्याची जीप आली. शाहीर उतरला, झीलकरी उतरले, आणि मग शाहिरानं हात धरून आक्कांना उतरवलं.

आक्का कधीही फड ऐकायला आलेल्या नव्हत्या. मामानं डफ शेकता शेकता बघितलं आणि डफ शेगडीवर जरा जास्तच वेळ राहिला. "त्याच्या जीपमधनं आल्या," तो मला म्हणाला. "बगितलंस? त्याच्या जीपमधनं!"

कलगीवाल्याचा सवाल आधी झाला. मामानं तो सोडवला. साधाच होता, आणि मामानं सोडवल्यावर आक्कांकडं बघितलं, म्हणजे हा मीच सोडवला हं! मग मामा उभा राहिला. तुरा डफावर हलत होता. त्यानं सवाल टाकला:

नव्हतं आभाळ, नव्हती धरती, नव्हतं झाडाला पान,
पहिला नाद घुमला तवा, सांग, कुणाचा हुता कान?

मी मांडवाच्या खांबाला धरलं. शाहीर आज हसला नाही. त्यानं आक्कांकडं बघितलं. आक्का पुढच्या खुर्चीत बसलेल्या, हात मांडीवर, आणि त्याच्याकडं न बघता मामाकडं बघत होत्या. शाहिरानं फेटा सारखा केला. मग उठून पंचांना म्हणाला, "सुभेदारसाहेब, आमचा आक्षेप हाय. ह्यो सवाल यांनी गुरूपुढं गायलेला न्हाई."

मागचे लोक उठून उभे राहिले.

मामा हळूच म्हणाला, "मी गायलो का न्हाई, हे तुमास्नी कसं ठावं?"

पहिल्यांदा झीलकरी हसला, मग बायका, मग सगळा मांडव. शाहिराचे कान लाल झाले. सुभेदारांनी शिट्टी मारली. "आक्षेप घरी! जवाब द्या!"

आता तुम्हीच सांगा, हा सवाल अवघड होता का? कलगीवाल्याला तर मुळीच नव्हता. पहिला नाद कुणी ऐकला? शक्तीनं! त्याच्या घरातलं लहान मूल हेच सांगेल. त्याची मागची पोरं त्याचा सदरा ओढत होती, "म्हणा की, शक्ती म्हणा की!" पण शाहिरानं हात मागं करून त्यांना गप्प केलं. मला त्याची कुजबुज स्पष्ट ऐकू आली. "खुळ्यांनो, तुरेवाला मला शक्तीवर आणून सोडंल का? यात डाव हाय. शक्ती म्हटलं की त्यो खाली पाडतोय. थांबा जरा." तो थांबला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, वर बघितलं. डफावर दोनदा थाप मारली आणि दोन्ही वेळा तोंड उघडून मिटलं. शेवटी डफ खाली ठेवला.

"यांनीच सांगावं," तो म्हणाला.

मामा जिंकला होता. पण जवाब अजून गायचा होता. मामा असा पुढं आला की जणू त्याची छाती त्याच्याआधी निघाली होती. उसात बसून बांधलेला जवाब त्यानं सुरू केला. शिवानंच नाद केला, शिवानंच ऐकला, दुसरं हुतंच कोण...

"आपलं आपणच ऐकायचं हुतं," आक्का म्हणाल्या, "तर मग एवढी माणसं कशाला गोळा केलीसा?"

त्या ओरडल्या नाहीत. शेजारणीला बोलावं तशा बोलल्या. पण मामाचा हात डफावरच थांबला. लोक हसले. मामा पुढं गाईना. मला वाटलं, आता चिडेल, आता म्हणेल की यात कट आहे, जीपमधून आलेला कट. त्यानं आक्कांकडं बघितलं, बराच वेळ. मग बायकांच्या बाजूला बघितलं. तिथं मामी बसली होती, पदर तोंडाला लावून, आणि ती हसत नव्हती.

सुभेदार म्हणाले, "जवाब पुरा करा, न्हाईतर फड बाद."

मामानं डफ वाजवायला सुरुवात केली. ठेका धरला, धरला, धरतच राहिला. झीलकरी भांबावून त्याच्याकडं बघत होता, कुठं उचलू म्हणून. आणि मग मामा त्या जागच्या जागी बांधलेलं गायला:

एकट्याच्या नादाला रं कुठला आला मान?
शक्तीनं त्यो ऐकला तवा त्याचं झालं गान.

क्षणभर कुणाला कळलंच नाही की तुरेवाल्यानं भर मांडवात शक्ती मोठी करून ठेवली. मग कलगीची पोरं उड्या मारायला लागली. आमच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "मामा, आवं काय केलंसा!" सुभेदारांनी शिट्टी तोंडात धरली, पण वाजवली नाही. ते घाम पुसत निकालाचा विचार करत होते. शेवटी म्हणाले, "सवाल खरा. समोरच्याला आला न्हाई. जवाब दिला. कुणाच्या सोयीचा दिला ते मला बघायचं न्हाई. तुरा ऱ्हाईल."

शाहीर उभा होता तो असा, की शेकडो वर्षांचं भांडण त्याच्या बाजूनं मिटलं होतं आणि त्याच दुपारी तो हरला होता. तो मामाजवळ आला, मिठी मारली आणि कानात काहीतरी बोलला. काय ते मामानं मला अजून सांगितलेलं नाही. मला वाटतं तो विचारत होता की डाव नेमका काय होता.

मामा आक्कांकडं गेला. वाकून पाया पडला आणि पायाशीच बसला.

"आक्का, खरं सांगा," तो म्हणाला. "तुमास्नी ह्यो जवाब आधीच ठावं हुता न्हवं?"

"ठावं असता तर एवढ्या उनात आले असते व्हय मी?" आक्का म्हणाल्या. "आजवरचे सगळे जवाब मला घरात बसून ठावं असायचे. ह्यो ऐकलाच नव्हता. म्हणून आले."

मामा उठला. जरा बाजूला येऊन त्यानं डफ गुडघ्यावर घेतला आणि तुऱ्याची गाठ तपासली. तिच्यावर आणखी एक गाठ मारली, दातानं ओढून घट्ट केली. मग मान वर न करता मला विचारलं,

"असं का म्हणाल्या असतील रं त्या?"